घटलेले वजन आणि मनातील जुना देह

२०२५ या वर्षी लठ्ठपणाचा प्रश्न भारतातील सार्वजनिक चर्चेच्या मध्यभागी आला. फेब्रुवारीत पंतप्रधानांनी 'मन की बात' या कार्यक्रमातून स्वयंपाकातील तेल दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले आणि या कामी दहा नामवंतांची नावे जाहीर केली. मार्च महिन्यात टिर्झेपॅटाइड हे औषध 'मौंजारो' या नावाने, तर जूनमध्ये सेमाग्लुटाइड हे 'वेगोव्ही' या नावाने वजन घटविण्यासाठी भारतीय बाजारात दाखल झाले. सेमाग्लुटाइडवरील येथील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच असल्यामुळे देशी कंपन्यांनी त्याच्या स्वस्त आवृत्त्यांची तयारी आधीपासूनच चालविली होती. त्यापूर्वी २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीनेही प्रौढांमधील वाढत्या स्थूलतेची दखल घेतली होती. अर्थमंत्रालयाच्या दस्तऐवजात माणसाच्या कंबरेचा घेर यावा, ही गोष्टच प्रश्नाची व्याप्ती सांगण्यास पुरेशी आहे.

ही सारी चर्चा किलोग्रॅमच्या भाषेत चालते. किती वजन होते, किती घटले, किती दिवसांत घटले, एवढेच विचारले जाते आणि एवढेच सांगितले जाते. जाहिरातीतील दोन छायाचित्रे, एक पूर्वीचे आणि एक नंतरचे, शेजारी शेजारी छापली की कथा संपली असे मानण्याचा प्रघात आहे. प्रत्यक्षात ज्याचे वजन वीस, तीस किंवा चाळीस किलोंनी घटते त्याची कथा तेथून पुढे सुरू होते. आरशातील देह त्याला आपला वाटतो काय, लोक त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहतात, आणि नवा देह टिकविण्याची किंमत कोण मोजतो, हे प्रश्न तराजूवर उमटत नाहीत. लक्षावधी लोकांचे वजन औषधाने झपाट्याने घटण्याची शक्यता निर्माण झालेली असताना या प्रश्नांकडे काणाडोळा करणे परवडणारे नाही.

एका शहरातील दोन कृशता

या प्रश्नाचा विचार करण्यास भिवंडीसारखे गाव फार उपयोगी आहे. कारण घटलेल्या वजनाचे दोन अगदी परस्परविरुद्ध अर्थ येथे एकाच रस्त्यावर भेटतात. भिवंडी हे यंत्रमागाचे शहर. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा ऐतिहासिक संप सुरू झाला. कापडाचे उत्पादन गिरण्यांकडून भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील मागांकडे सरकण्याची प्रक्रिया त्याआधीच चालू झाली होती. संपाने तिला प्रचंड गती दिली. उत्तर प्रदेश, बिहार आणि तेलंगणातून आलेले कामगार येथे बारा तासांच्या पाळीत माग चालवतात. मजुरी बहुतांशी विणलेल्या कापडाच्या मापावर मिळते. हवेत कापसाचे तंतू, कानांवर अखंड खडखडाट, झोपण्यासाठी दाटीवाटीची खोली आणि जेवणासाठी भिस्सी, म्हणजे कामगारांची खानावळ, असा हा जीवनक्रम आहे. कोंदट हवा, दाटी आणि अपुरे अन्न ही क्षयरोगाची जुनी मैत्रमंडळी. अशा वस्तीत एखाद्याचे वजन घटू लागले की शेजाऱ्याच्या मनात पहिला शब्द येतो तो खोकल्याचा.

त्याच शहरात शिक्षक, कारकून, व्यापारी, बँकेतील नोकरदार यांचाही मोठा वर्ग आहे. कामतघरच्या वऱ्हाळादेवी तलावाच्या परिसरात किंवा घराच्या गच्चीवर पावले मोजीत चालणारा हा वर्ग वजन घटावे म्हणून पैसे, वेळ आणि निग्रह खर्च करतो. पहिल्यासाठी कृशता ही आपत्ती, दुसऱ्यासाठी ती सिद्धी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीने (२०१९-२१) देशाचे जे चित्र समोर ठेवले त्यात ही दोन्ही टोके आहेत. १५ ते ४९ या वयोगटातील २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष अतिवजनी वा स्थूल आढळले. त्याच वयोगटातील १८.७ टक्के स्त्रिया आणि १६.२ टक्के पुरुष प्रमाणाहून कृश होते. चौथ्या फेरीत अतिवजनाचे प्रमाण अनुक्रमे २०.६ आणि १८.९ टक्के होते. म्हणजे उपासमारीचा प्रश्न सुटण्यापूर्वीच अतिपोषणाचा प्रश्न दाराशी उभा राहिला. दोन्ही प्रश्न एकाच समाजात नांदत असल्यामुळे देहाकडे पाहण्याच्या दोन नजराही एकाच समाजात, पुष्कळदा एकाच घरात, नांदत आहेत.

मराठी भाषेने या द्वैताची साक्ष जपून ठेवली आहे. 'तब्येत सुधारली' याचा आपल्याकडील रूढ अर्थ माणूस अंगाने भरला असा होतो, आणि 'तब्येत उतरली' म्हणजे तो वाळला. 'खात्यापित्या घरचा' हे वर्णन देहाचे नसून घराच्या सांपत्तिक स्थितीचे आहे. शब्दाला वजन असते, माणसाचे सरकारदरबारी वजन असते. हलकेपणाला मात्र चांगला अर्थ क्वचितच मिळतो. ज्या रोगाने माणसे शतकानुशतके खंगत गेली त्याला आपण 'क्षय' म्हणजे झीज हेच नाव दिले. दुष्काळ आणि साथी यांचा अनुभव घेतलेल्या समाजाने मांसल देहात सुरक्षितता पाहावी, यात नवल नाही. धान्याचे कोठार भरलेले असणे आणि अंग भरलेले असणे या एकाच शहाणपणाच्या दोन बाजू होत्या.

परिणाम असा की, ज्याने मोठ्या कष्टाने वजन घटविले त्याला अभिनंदनाआधी चौकशीला तोंड द्यावे लागते. 'बरे नाही का?', 'साखर लागली का?', 'घरी काही काळजी आहे का?' हे प्रश्न मायेपोटी येतात, आणि ते सर्वस्वी निराधारही नाहीत. अनपेक्षितपणे वजन घटणे हे मधुमेहाचे आणि क्षयाचे परिचित लक्षण आहे. परंतु ज्याला वर्षभराच्या निग्रहानंतर लोकांच्या डोळ्यांत आपल्याविषयी संशय दिसतो, तो गोंधळून जातो. आपण सुधारलो की उतरलो, याचे उत्तर त्याला भाषेतही सापडत नाही.

दोन आहारपंथ आणि राहून गेलेला प्रश्न

महाराष्ट्राच्या मध्यमवर्गात वजनाची चळवळ उभी राहिली ती औषधांमुळे नव्हे. नागपूरचे बहुश्रुत नेते कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारातून प्रेरणा घेऊन लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनच वेळा, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याचा आणि रोज ४५ मिनिटे चालण्याचा कार्यक्रम गावोगावच्या व्याख्यानांतून मांडला. दुसऱ्या बाजूस ऋजुता दिवेकर यांनी थोड्या थोड्या अंतराने, आपल्या प्रांताचे अन्न, भीती न बाळगता खाण्याचा पुरस्कार केला. २०१८ च्या सुमारास 'दीक्षित की दिवेकर' हा वाद लग्नाच्या पंगतीपासून शिक्षकांच्या खोलीपर्यंत रंगला. कोणाचा मार्ग शास्त्रशुद्ध, हा निर्णय वैद्यकाने करावयाचा. सामाजिकदृष्ट्या महत्त्वाची गोष्ट अशी की, कारकून, प्राध्यापक, गृहिणी अशा लाखो सामान्य माणसांनी प्रथमच स्वतःच्या देहाला एक प्रकल्प मानले, त्याचे मोजमाप ठेवले आणि गटागटांतून त्याची जाहीर चर्चा केली.

या चर्चेत किती वेळा खावे यावर रणे माजली. वजन घटल्यावर माणसाच्या आत्मप्रतिमेचे काय होते, यावर मात्र फारसे कोणी बोलले नाही. दिवेकर यांच्या २००९ सालच्या गाजलेल्या पुस्तकाच्या 'डोंट लूज युवर माइंड, लूज युवर वेट' या नावातच मन आणि वजन शेजारी शेजारी आले होते. वादाच्या धुरळ्यात वजन तेवढे उरले आणि मन मागे पडले.

देहाची जाहीर मोजणी किती निष्ठुर होऊ शकते याचे प्रत्यंतर २०१७ साली मुंबईने पाहिले. फेब्रुवारीत महानगरपालिकेच्या मतदानाच्या दिवशी एका नामवंत लेखिकेने एका स्थूल पोलीस अधिकाऱ्याचे छायाचित्र 'भारी बंदोबस्त' अशा अर्थाच्या कोटीसह समाजमाध्यमावर प्रसिद्ध केले. तो अधिकारी मुंबईचा नव्हे, मध्य प्रदेशाचा निघाला, आणि आपली स्थूलता आजारातून आली आहे असे त्याला देशापुढे सांगावे लागले. पुढे त्याच्यावर मुंबईतच वजन घटविण्याची शस्त्रक्रिया झाली आणि वृत्तपत्रांनी त्याचे घटलेले किलो मोजण्यास आरंभ केला. थट्टाही वजनाची आणि कौतुकही वजनाचेच. दोन्ही वेळा माणूस बाजूला राहिला.

मन जुन्या नाण्यात मोजते

वजन घटल्यानंतर देहप्रतिमा मागे रेंगाळते, हे वैद्यकाला नवे नाही. १९११ साली हेन्री हेड आणि गॉर्डन होम्स या ब्रिटिश मज्जातज्ज्ञांनी असे दाखवून दिले की, मेंदू शरीराचा एक सतत चालू असलेला आराखडा बाळगून असतो आणि त्या आराखड्याच्या आधारे प्रत्येक हालचाल करतो. सवयीने टोपीवरील पिसाचाही या आराखड्यात समावेश होतो; म्हणून टोपी घातलेली स्त्री दारातून जाताना नकळत वाकते. १९३५ साली पॉल शिल्डर यांनी या आराखड्याला भावना आणि समाज यांची जोड दिली. आपल्या देहाचे जे चित्र मनात असते ते केवळ डोळ्यांनी काढलेले नसते; इतरांच्या नजरांनी आणि शब्दांनीही ते रंगविलेले असते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठाच्या रुग्णालयात ग्लकस्मन आणि हर्श यांनी लहानपणापासून स्थूल असलेल्या सहा रुग्णांचा अभ्यास केला. त्यांचे वजन पुष्कळ घटले. आपल्या देहाचा आकार किती, असे विचारल्यावर मात्र ते जणू काहीच घटले नाही अशा रीतीने अंदाज सांगत. कापलेल्या पायाची वेदना जशी उरते, तसा हा गेलेल्या देहाचा भास. त्याच सुमारास, १९६७ साली, अल्बर्ट स्टंकार्ड आणि मायर मेंडेलसन यांनी एक महत्त्वाचा भेद दाखविला. प्रौढपणी वजन वाढलेल्यांपेक्षा बालपणी किंवा किशोरवयात स्थूल असलेल्यांच्या मनात स्वतःच्या देहाविषयी घृणा अधिक खोल रुजलेली असते, आणि वजन घटल्यावरही ती सहजी जात नाही. देहाची लाज शिकविली जाते ती शाळेच्या वयात. आणि त्या वयात शिकलेले धडे चिवट असतात.

हा अनुभव समजून घेण्यास एक आर्थिक दाखला उपयोगी पडेल. १ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणेपद्धती सुरू झाली. रुपयाचे सोळा आणे कायद्याने संपले आणि शंभर नवे पैसे आले. तरीही पुढील कित्येक दशके माणसे पंचवीस पैशांना चार आणे आणि पन्नास पैशांना आठ आणे म्हणत राहिली. नाणे बदलले, हिशेबाची सवय बदलली नाही. घटलेल्या देहाचेही असेच होते. रिकाम्या जागेतूनही माणूस अंग चोरून जातो. बसच्या आसनावर कडेलाच टेकतो. दुकानात हात जुन्याच मापाच्या सदऱ्याकडे वळतो. छायाचित्र काढताना मागच्या ओळीत उभा राहतो. तराजूने नवे पैसे मोजले, मन मात्र आणे मोजीत बसलेले असते. या अवस्थेला खोटी विनम्रता किंवा कृतघ्नता समजणे अन्यायाचे होईल. सवय काळाने आणि आधाराने सुटते, उपदेशाने नव्हे.

उलट दिशेचाही पुरावा आहे. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीझ यांनी ३६ निरोगी स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. हाडे दिसू लागली तरी त्यांतील अनेकांना आपण कृश आहोत असे वाटेना. उलट इतर माणसेच अवास्तव लठ्ठ वाटू लागली. पोटभर अन्न पुन्हा मिळू लागल्यावरही अन्नाविषयीची अस्वस्थता कित्येकांत दीर्घकाळ टिकली. याचा अर्थ असा की, देहाचे मनातील माप स्थूलतेत बिघडते तसेच उपासमारीतही बिघडते. ते माप म्हणजे स्वच्छ आरसा नव्हे.

आणि तराजू तरी कितपत खरा? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपले आणि ब्रिटिश सहकारी जॉन यडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचा देहभारांक अगदी सारखा, २२.३. परंतु याज्ञिकांच्या शरीरात चरबीचे प्रमाण २१.२ टक्के, तर यडकिन यांच्या शरीरात अवघे ९.१ टक्के. दिसायला सडपातळ असलेल्या भारतीयाच्या देहात चरबी दडलेली असू शकते, हे त्या एका चित्राने जगाला दाखविले. आपल्याकडील मधुमेहाचा विचार त्यामुळे बदलला. त्याचबरोबर देहाच्या बाह्य रूपावरून आरोग्याचा आणि चारित्र्याचा निवाडा करण्याची आपली सवय किती पोकळ आहे, हेही त्यातून सिद्ध झाले. जाड तो आळशी आणि बारीक तो निरोगी, ही दोन्ही समीकरणे चुकीची आहेत.

किंमत कोण मोजतो?

येथे अर्थशास्त्राचा प्रश्न उपस्थित होतो. मोठ्या प्रमाणात वजन घटविण्याचे लाभ निर्विवाद आहेत. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या दीर्घ अभ्यासात शस्त्रक्रियेने वजन घटविलेल्यांमधील मृत्यूंचे प्रमाण इतर स्थूल रुग्णांच्या तुलनेत कमी आढळले, आणि बहुसंख्यांचे जीवनमानही सुधारते. तथापि लाभाबरोबर जे ओझे येते त्याचा हिशेब कोणत्याच खात्यात मांडला जात नाही. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात आठ हजारांहून अधिक रुग्णांच्या पाहणीत शस्त्रक्रियेनंतर स्वतःला इजा करून घेतल्याने तातडीच्या उपचारांसाठी येणाऱ्यांचे प्रमाण सुमारे दीडपट झाल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झाले. अशा रुग्णांची एकूण संख्या थोडी होती, हे खरे. पण वजन उतरले म्हणजे दुःख आपोआप उतरते, हा समज त्याने खोटा ठरविला. लोकांची वागणूक बदलते, तेव्हा 'आज जो मान मिळतो तो काल का मिळत नव्हता?' हा कडवट प्रश्नही मनात उभा राहतोच.

औषधांच्या बाबतीत हिशेब आणखी अवघड आहे. सेमाग्लुटाइडच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन घटले. उपचार थांबविल्यानंतर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले. म्हणजे हे एकवेळचे भांडवली गुंतवणुकीचे काम नसून दरमहाचा आवर्ती खर्च आहे. मासिक पगारात घरभाडे, मुलांच्या फिया आणि कर्जाचे हप्ते बसविणाऱ्या कारकुनाला तो किती वर्षे पेलेल? आणि खर्च न पेलल्यामुळे वजन परतले, तर त्याचे खापर औषधाच्या गुणधर्मावर न फुटता त्याच्या 'निग्रहावर' फुटेल. एकदा मिळालेला मान दुसऱ्यांदा गमावण्याची ही नामुष्की पहिल्या स्थूलतेहून अधिक बोचरी ठरते.

विम्याचे नियम पाहिले तर ही विसंगती कागदावरच दिसते. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली आरोग्य विम्यातील वगळणुकींची जी प्रमाणित कलमे ठरविली, त्यानुसार देहभारांक ४० वा त्याहून अधिक असल्यास, किंवा गंभीर सहव्याधींसह तो ३५ वा अधिक असून सौम्य उपाय निष्फळ ठरले असल्यास, वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेस संरक्षण मिळू शकते. परंतु वजन घटल्यावर पोटावर, दंडांवर आणि मांड्यांवर लोंबणारी कातडी उरते. तिच्या घड्यांत पुरळ उठते, जखमा होतात, चालणे अवघड होते. ती काढण्याची शस्त्रक्रिया सौंदर्योपचारात गणली जाण्याची शक्यता मोठी. कारण सौंदर्योपचार हे वेगळ्या कलमाने वगळलेले आहेत आणि वैद्यकीय गरज सिद्ध करण्याचा भार विमेदारावर पडतो. उपचाराचा पूर्वार्ध आजार आणि उत्तरार्ध हौस, असा हा न्याय आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांप्रमाणेच विमा द्यावा असे बंधन घातले आहे; तरीही वजनाच्या उपचारात मनाचा सल्लागार हा आवश्यक भाग आहे असे मानून चालणारी व्यवस्था आपल्याकडे रुजलेली नाही.

भिवंडीतील मागावर कापड विणले जाते. ते कोणत्या मापाने शिवावे, हा प्रश्नही या विषयाशी निगडित आहे. तयार कपड्यांची मापे आपल्याकडे बहुतांशी परदेशी नमुन्यांवर बेतलेली. म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने मुंबईसह सहा शहरांतील पंचवीस हजारांहून अधिक लोकांची मापे घेऊन भारतीय प्रमाण ठरविण्याचा प्रकल्प हाती घेतला. ज्या समाजाच्या देहाचे मापच परक्या पट्टीने ठरते, तेथे सामान्य माणसाला आपलाच देह चुकीचा वाटू लागला तर दोष त्याचा नव्हे. शिंपी माणसाचे माप घेत असे. दुकानात मात्र माणसाने मापात बसावयाचे असते.

ही भरल्या पोटाची चैन आहे काय?

या सर्व विवेचनावर एक आक्षेप येईल, आणि तो बिनमहत्त्वाचा नाही. ज्या शहरात कामगार अपुऱ्या अन्नावर बारा तास उभा राहतो, तेथे वजन घटविणाऱ्यांच्या मनोव्यथेची चर्चा म्हणजे भरल्या पोटाची चैन होय, असे कोणी म्हणेल. परंतु हा आक्षेप देहप्रतिमेचा प्रश्न केवळ सधनांचा आहे असे गृहीत धरतो. क्षयाने पंधरा किलो गमावलेला मागावरचा तरुण आरशात काय पाहतो? त्याचाही देह त्याला अनोळखी झालेला असतो. हनुवटी, छाती, मनगटे यांवरून सहकारी त्याचा रोग ओळखतात, भांडे वेगळे होते, लग्नाची बोलणी लांबतात. उपचार किमान सहा महिन्यांचा. खोकला आणि संसर्ग थांबल्यावरही अंग भरण्यास वेळ लागतो आणि तोवर लोकांच्या लेखी तो रोगीच राहतो. मापावर मजुरी असल्याने अंगातील ताकद घटली की उत्पन्नही घटते. गोदामांच्या हमालीत तर देह हीच पात्रता. मध्यमवर्गीयाच्या घटलेल्या वजनाबरोबर मनातील लाज उरते. कामगाराच्या घटलेल्या वजनाबरोबर लाज आणि उपासमार दोन्ही उरतात.

क्षयाच्या बाबतीत वजनाचे महत्त्व शास्त्रानेच अधोरेखित केले आहे. झारखंडमध्ये २८०० रुग्ण आणि त्यांच्या घरांतील दहा हजारांहून अधिक माणसे यांच्यावर झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घरातील माणसांना पोषक शिधा दिल्याने नव्या क्षयाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. रुग्णाचे वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वाढले तर मृत्यूचा धोकाही पुष्कळ कमी होतो, असे त्यातून दिसले. निक्षय पोषण योजनेखाली २०१८ पासून रुग्णास दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १,००० रुपये करण्यात आली. ही वाढ स्वागतार्ह आहे. पण रुग्णाच्या कार्डावर वजन लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याने दोन वाक्ये त्याच्याशी आणि त्याच्या घरच्यांशी बोलावीत, संसर्ग केव्हा थांबतो आणि अंग केव्हा भरते यांतील अंतर समजावून सांगावे, यासाठी पैसा नव्हे, प्रशिक्षण लागते.

तेव्हा उपाय दोन्ही वर्गांना लागू पडतील असे हवेत. वजन घटविण्याची शस्त्रक्रिया किंवा इंजेक्शन देणाऱ्या प्रत्येक केंद्रावर उपचारापूर्वी आणि नंतर किमान दोन वर्षे मानसिक सल्ल्याची सोय असावी, आणि औषध थांबविल्यास काय होते हे लेखी सांगण्याचे बंधन असावे. लोंबत्या कातडीवरील शस्त्रक्रिया कोणत्या अटींवर वैद्यकीय गरज मानावयाची, हे विमा प्राधिकरणाने स्पष्ट करावे. क्षयकेंद्रावरील समुपदेशनात देहाविषयीच्या संकोचाचा समावेश व्हावा. शाळांनी उंची-वजनाची नोंद वर्गात मोठ्याने वाचून दाखविण्याची प्रथा सोडावी. बालपणी रुजलेली घृणा सर्वांत चिवट असते, हे स्टंकार्ड यांचे निरीक्षण शिक्षकांनी तरी विसरू नये. कवायतीच्या रांगेत एखाद्या मुलाला दिलेले टोपणनाव त्याच्या चाळिशीतही त्याच्या आरशात उभे राहते.

उरला प्रश्न आपल्या बोलण्याचा. भेटताच समोरच्याच्या देहावर अभिप्राय देणे हा आपल्याकडे आपुलकीचा भाग मानला जातो. 'किती सुटलास', 'किती वाळलास' यांनी संभाषणाला आरंभ होतो. ही आपुलकी खोटी नाही. पण ज्या काळात जाड होणे आणि बारीक होणे या दोहोंना आजार, खर्च, कष्ट आणि लाज चिकटलेली आहे, त्या काळात तिची अभिव्यक्ती बदलावयास हवी. माणसाची चौकशी करण्यास त्याचे काम, त्याचे घर, त्याची झोप, त्याची भूक असे पुष्कळ विषय आहेत. औषधे स्वस्त होतील, वजने घटतील, मागावरचा रुग्णही बरा होऊन परतेल. त्या प्रत्येकाला आपल्या नव्या देहात रुळण्यासाठी थोडा अवधी आणि शेजाऱ्यांची साधी, न मोजणारी नजर लागेल. यापैकी शासनाने द्यावयाचे ते मागितलेच पाहिजे. समाजाने द्यावयाचे मात्र कोणाच्या परवानगीवाचून आजच देता येण्यासारखे आहे.